टोरोंटो, १९४२ : ०-३ वरून अजिंक्यपद

१/ एप्रिल १९४२. आईस हॉकीतील मानाच्या स्टॅनली चषकाची अंतिम मालिका. सातपैकी पहिले तिन्ही सामने डेट्रॉईट रेड विंग्जने जिंकले. टोरोंटो मेपल लीफ्ससाठी आता एक पराभव म्हणजे शेवट.

२/ प्रशिक्षक हॅप डे यांनी संघाचा आघाडीचा गोलवीर गॉर्डी ड्रिलन यालाच वगळले आणि राखीव डॉन मेट्झला उतरवले.

३/ चौथा सामना टोरोंटोने ४-३ असा जिंकला. डेट्रॉईटचे जॅक ॲडम्स पंचांवर धावून गेले व निलंबित झाले. पाचवा ९-३, त्यात मेट्झचे तीन गोल. सहावा ३-०.

४/ १८ एप्रिल. निर्णायक सामन्यात पिछाडीवरील टोरोंटोने शेवटच्या सत्रात तीन गोल करून ३-१ असा विजय मिळवला.

५/ चषकाच्या अंतिम फेरीत हा पराक्रम पुन्हा कोणालाही साधलेला नाही. ड्रिलन मात्र टोरोंटोकडून पुन्हा कधीच खेळला नाही.