पिशवीचे तोंड, शिरोडकरांचा टाका आणि पुढचे बाळंतपण

१/ पाचव्या-सहाव्या महिन्यात, फारशा कळा न येता गर्भ निसटून जावा आणि पुढच्या खेपेसही तेच घडावे, या दुःखावर आज जगभर वापरला जाणारा एक उपाय मुंबईत घडला. त्याची कथा गर्भाशयमुखावरील शस्त्रक्रियांच्या इतिहासाशी, आणि त्या शस्त्रक्रियांची किंमत मोजणाऱ्या बाळंतपणांशी जोडलेली आहे.

२/ गर्भाशयमुख, म्हणजे बोलीतले पिशवीचे तोंड, हा तीन-चार सेंटिमीटर लांबीचा भाग. नऊ महिने तो मिटून राहतो, वरचा भार पेलतो आणि वेळ आली की उघडतो. त्याचे बळ मुख्यतः तंतुमय ऊतींत असते. शल्यचिकित्सेने मात्र बराच काळ त्याला सहज छाटता येण्याजोगा भाग मानले.

३/ १८८८च्या सुमारास मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी अंग बाहेर येण्याच्या विकारावर शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे विल्यम फॉदरगिल यांनी ती सुधारली. तीत लांबलेले गर्भाशयमुख कापून टाकीत. अंग जागेवर राही. पण त्या स्त्रीला पुन्हा दिवस गेले की गर्भपाताचे आणि मुदतपूर्व प्रसूतीचे भय असे. यश शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजले जाई. किंमत वर्षांनंतर प्रसूतिगृहात कळे.

४/ ही किंमत गांभीर्याने घेणाऱ्यांत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर होते. जन्म १८९९, गोव्यातील शिरोडा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९३१मध्ये इंग्लंडची एफआरसीएस. परतल्यावर त्याच महाविद्यालयात ते स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

५/ अंग बाहेर येण्याची व्याधी भारतात मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांतही आढळे. त्यांच्यासाठी शिरोडकरांनी मँचेस्टर पद्धतीत बदल केला. गर्भाशयमुख न छाटता त्यामागचे आधारबंध पुढे आणून बांधायचे, असा तो बदल. रोग बरा व्हावा आणि पुढचे गर्भारपणही टिकावे, हा त्यामागचा विचार.

६/ १९५५मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात त्यांनी टाक्याची पद्धत मांडली. वारंवार गर्भ गमावलेल्या, आणि आतले द्वार सैल असल्याचे तपासणीत दिसलेल्या स्त्रियाच त्यांनी निवडल्या. रुग्णाच्याच मांडीतून काढलेली चिवट आवरणाची पट्टी त्या द्वाराभोवती आवळून बांधली. पुढे या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली.

७/ १९५७मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत प्रसिद्ध केली: बटव्याची नाडी ओवावी तसा गोल टाका. आज दोन्ही पद्धती रूढ आहेत. टाका सहसा सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास काढतात.

८/ टाका सर्वांनाच उपयोगी का? १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिशप्रणीत चाचणीत १,२९२ स्त्रिया होत्या. टाका घातलेल्या गटात १३ टक्के, तर दुसऱ्या गटात १७ टक्के स्त्रियांची प्रसूती ३३ आठवड्यांपूर्वी झाली. म्हणजे साधारण २५ टाक्यांमागे एक अतिलवकर प्रसूती टळली. लाभ खरा, पण निवडक स्त्रियांपुरता.

९/ दरम्यान गर्भाशयमुखावरील शस्त्रक्रियांचे कारण बदलले. पॅप तपासणी रूढ झाली आणि कर्करोगापूर्वीची अवस्था तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रियांतही सापडू लागली. त्यावर शंकूच्या आकाराचा तुकडा सुरीने काढत. १९८०च्या दशकापासून विजेच्या तारेच्या फाशाने काढणे रूढ झाले. कर्करोग टळला, पण यांतल्या अनेकींची बाळंतपणे अजून व्हायची होती.

१०/ २००६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणाने या उपचारांनंतर मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो हे दाखवले, सुरीच्या शस्त्रक्रियेनंतर तो अधिक होता. २०१६मध्ये ‘बीएमजे’तील विश्लेषणात ७१ अभ्यास होते. ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाण उपचार झालेल्यांत १०.७ टक्के, न झालेल्यांत ५.४ टक्के. तुकडा जितका खोल, धोका तितका जास्त.

११/ या आकड्यांमुळे उपचार टाळणे चुकीचे ठरेल. न रोखलेला कर्करोग प्राण घेतो. शिवाय उपचार न झालेल्या, पण ही पूर्वावस्था असलेल्या स्त्रियांतही धोका किंचित जास्त दिसला. धडा मोजमापाचा आहे: गरजेपुरतेच कापावे, खोली नोंदवावी आणि पुढील गर्भारपणात डॉक्टरांना ती माहिती मिळावी. पूर्वी शस्त्रक्रिया झाली एवढ्यावरून सरसकट टाका घालत नाहीत. सोनोग्राफीने मुखाची लांबी पाहून ठरवतात.

१२/ १९८७मध्ये फ्रान्समधील ल्याँ येथे डॅनियल दार्जां यांनी आरंभीच्या कर्करोगात गर्भाशय राखून फक्त मुख काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. मुख गेल्यावर उरलेल्या भागाभोवती टाका घालतात, पुढे मूल राहिले तर पेलता यावे म्हणून. शिरोडकरांचे १९७१मध्ये निधन झाले. त्यांच्या कल्पनेतून आलेला टाका आता ज्या स्त्रीचे पिशवीचे तोंडच गेले, तिलाही आई होण्याची संधी देतो.