चार कवितांचा खटला

नाशिक म्हटलें कीं रामकुंड, पंचवटी आणि काळाराम हीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात, व तें योग्यच आहे. परंतु ह्याच क्षेत्रांत १९०९ सालीं एका लहानशा काव्यपुस्तकावरून एक खटला उभा राहिला. पुराणांतील व इतिहासांतील नांवें घेऊन रचिलेल्या कवितेचा अर्थ सरकारनें कसा व कोठवर लावावा, हा त्यांतील खरा प्रश्न होता. त्या खटल्याची हकीकत पुष्कळांस ऐकून ठाऊक असते. त्यांतील वादाचा मुद्दा मात्र फारसा कोणी उकलून पाहत नाहीं.

पुस्तकाचें नांव 'लघु अभिनव भारत माला'. प्रकाशक गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर. ज्या चार कवितांवर आरोप ठेवण्यांत आला त्यांचे कर्ते गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजेच कवि गोविंद. हे गृहस्थ पायांनीं अधू होते. १९०० च्या प्रारंभीं नाशकांत 'मित्रमेळा' निघाला व १९०४ मध्यें त्याचीच 'अभिनव भारत' संस्था झाली. त्या मंडळींत गोविंदांनीं बसल्या जागीं रचावें आणि इतरांनीं गांवभर गावें, असा प्रकार होता. अफझलखानवधावरील त्यांचा पोवाडा त्या काळीं मोठा लोकप्रिय झाला होता.

शिवाजीच्या मुखानें बोलावयाची ही युक्ति कांहीं नाशकांतच जन्मास आली नव्हती. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर जो पहिला राजद्रोहाचा खटला झाला, त्यांतही 'केसरीं'त छापलेली, शिवाजीचे उद्गार म्हणून लिहिलेली एक कविता पुराव्यांत होती. त्या वेळीं न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, सरकारविषयीं अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव. ही व्याख्या ऐकून कायदेपंडितही चकित झाले. प्रीति नसणें हाच गुन्हा ठरला, तर निरपराधी प्रजा मिळावयाची कोठून? टिळकांस तेव्हां अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

बाबारावांच्या खटल्यांत पाऊल ह्याहून पुष्कळ पुढें पडलें. राजद्रोहाचें १२४-अ कलम तर लावलेंच, पण त्याबरोबर १२१ वें, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्ध पुकारण्याचें किंवा त्यास चिथावणी देण्याचें कलमही लावण्यांत आलें. जून १९०९ मध्यें त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नोव्हेंबरांत मुंबई हायकोर्टानें ती कायम केली. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ति नारायणराव चंदावरकर होते. १९०० सालच्या लाहोर काँग्रेसचे ते अध्यक्ष, प्रार्थनासमाजाचे धुरीण, आणि मराठी जाणणारे. हे देव व हे वीर केवळ निमित्त आहेत, खरा उपदेश परक्या सरकारावर तलवार उचलण्याचा आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. अर्थ लावण्यासाठीं गीतेंतील तत्त्वज्ञान मध्यें आणण्याचें कारण नाहीं, असेंही त्यांनीं म्हटलें.

येथें आम्हांस प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, चंदावरकरांनीं कविता वाचली ती बरोबर वाचली. गोविंदांनीं तलवारीचाच पुरस्कार केला होता. तो केला नव्हता असें आज त्यांच्या कैवारानें सांगणें म्हणजे कवीसच खोटें पाडणें होय. आमचा आक्षेप अर्थावर नाहीं. त्या अर्थास जें मोल लावण्यांत आलें त्यावर आहे. छापलेलीं चार गाणीं हें युद्ध ठरलें, आणि तें गाणाऱ्या शेंकडों मुखांपैकीं एका प्रकाशकाचें सारें आयुष्य त्याची किंमत ठरली. बाबाराव अंदमानांतून १९२१ सालीं परत आणले गेले व पुढल्या वर्षीं सुटले, तेव्हां त्यांची प्रकृति पार ढासळली होती. कवि मात्र नाशकांतच राहिले, आणि १९२६ मध्यें वारले.

हायकोर्टाच्या निकालास दोन महिनेही झाले नव्हते, तोंच २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे या तरुणानें गोळ्या घालून वध केला. बाबारावांचा खटला सेशन कोर्टाकडे पाठविणारे मॅजिस्ट्रेट हेच. दैवाची विचित्र गति अशी कीं, जॅक्सन हे संस्कृताचे अभ्यासक असून लोककथा व लोकसमजुती गोळा करण्याचा त्यांस नाद होता. ती सामग्री पुढें त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे फांसावर चढले. गाणीं बंद केल्यानें पिस्तुलें बंद झालीं नाहींत, एवढें तर कोणासही दिसत होतें; सरकारास मात्र उलटेंच दिसलें.

खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची गोष्ट पाहा. हें नाटक १९०७ पासून रंगभूमीवर होतें. कीचक म्हणजे कर्झन हें पिटांतल्या प्रेक्षकांसही सांगावें लागत नव्हतें. तरी तें चाललें, आणि बंदी आली ती १९१० सालीं. नाटकांतील एक अक्षर बदललें नव्हतें. बदलली होती ती वाचणाऱ्याची भीति. त्याच वर्षीं नवा प्रेस ॲक्ट आला. आतां शब्दाचा अर्थ कोर्टांत सिद्ध करण्याची यातायातही सरकारास उरली नाहीं. छापखानेवाल्यानें तारण ठेवावें, सरकारास मजकूर खटकला कीं तें जप्त व्हावें, आणि पुस्तक गॅझेटांतील एका जाहिरनाम्यानें सरकारजमा व्हावें, अशी सोय झाली. हायकोर्टाकडे दाद मागतां येई. पण मजकूर निर्दोष आहे हें दाखविण्याचा भार अर्जदारावर! चंदावरकरांनीं निदान कविता वाचून निकाल दिला होता. हा कायदा १९२२ मध्यें रद्द झाला. १२४-अ मात्र स्वराज्यांतही राहिलें. १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यास हिंसेच्या चिथावणीची मर्यादा घातली, २०२२ च्या मे महिन्यांत त्याचा अंमल थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तींत १५२ वें कलम आलें. तें जुन्याहून सौम्य कीं कडक, ह्यावर वकीलमंडळींत वाद चालू आहे.

त्या काळचीं निषिद्ध पुस्तकें लोकांनीं भीतीनें जाळलीं, विहिरींत टाकलीं, माळ्यावर वाळवीस दिलीं. सरकारानें मात्र एकेक प्रत नीट जपून लंडनास धाडली. ब्रिटिश लायब्ररींत तो जप्त पुस्तकांचा संग्रह आजही असून त्याची छापील यादी १९८५ मध्यें निघाली. तसेंच, मुंबई सरकारचे भाषांतरकार दर आठवड्यास मराठी पत्रांतील खटकणारे उतारे इंग्रजींत उतरवून वरिष्ठांपुढें ठेवीत. ज्या पत्रांचा एकही अंक आज हातीं लागत नाहीं, त्यांत काय लिहिलें होतें हें शोधूं जाणाऱ्या अभ्यासकास ह्या गुप्त अहवालांचींच पानें चाळावीं लागतात. मूळ मराठी शब्द तेथें नसतात. असतें तें भाषांतरकाराचें इंग्रजी.