राखाडी बाळांचा धडा

तर मंडळी, आज आपण लॉस एंजेलिसला जाऊ. तिथल्या एका इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल देत असत. बर्न्स, हॉजमन आणि कॅस या डॉक्टरांनी तुलना करून १९५९ साली निष्कर्ष छापले. दिसलं काय? हे औषध दिलेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण न दिलेल्यांच्या सुमारे तिप्पट! पोट फुगायचं, अंग राखाडी पडायचं. नवजात बाळाचं यकृत अजून कच्चं असतं. औषधाचा निचरा होत नाही, ते रक्तात साचतं. म्हणजे डोस नुसत्या वजनावर ठरवून भागत नाही, वयही पाहावं लागतं. हेतू चांगलाच होता हो. पण चांगल्या हेतूलाही पडताळा लागतो. म्हणून घरात उरलेली बाटली बाळासाठी उघडण्याआधी आपण थांबायचं, डॉक्टरांना विचारायचं.