खेळाडूंचें दंतत्राण

पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कबड्डीचें वेड मोठें आहे. अलिबाग, पेण, रोहा या बाजूस दिव्यांच्या उजेडांत रंगणारे सामने आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिले असतील. पकडीच्या झटापटींत कोणाचें कोंपर वा गुडघा तोंडावर बसतो आणि समोरचा दांत निखळतो. मोडलेलें हाड सांधतें. पण कायमचा दांत गेला तर दुसरा उगवत नाहीं. ही हानि टाळणाऱ्या साधनास बाजारांत माउथगार्ड म्हणतात. आपण त्यास दंतत्राण म्हणूं.

त्याचा जन्म मुष्टियुद्धांत झाला. १८९० च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ हे मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दांतांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवीत. हा मलायाकडील झाडांचा वाळविलेला चीक. ऊन पाण्यांत तो मऊ होतो. पुढें त्यांचे चिरंजीव फिलिप यांनीं रबराचें, पुनःपुन्हां वापरतां येणारें दंतत्राण केलें. टेड ‘किड’ लुईस हा प्रसिद्ध योद्धा तें वापरी. परंतु १९२१ सालीं न्यूयॉर्क येथें प्रतिपक्षानें हरकत घेतल्यामुळें त्यास तें काढून ठेवावें लागलें. १९२७ मध्यें माइक मॅकटिग याचें तोंड रक्तबंबाळ झाल्यामुळें जॅक शार्कीबरोबरची लढत थांबवावी लागली. तेव्हां कोठें या साधनाचें महत्त्व पटूं लागलें. १९४७ सालीं लॉस एंजलिसचे दंतवैद्य रॉडनी लिलीक्विस्ट यांनीं फुटबॉलपटूच्या दांतांवर बेतलेलें अॅक्रिलिकचें कवच तयार केलें.

बेतणें, हेंच या कलेचें मर्म होय. कबड्डींत तर तें विशेषच. चढाई करणाऱ्यानें एका दमांत, पंचांस स्पष्ट ऐकूं येईल असा ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष चालू ठेवला पाहिजे. सैल दंतत्राण दांतांखालीं आवळून धरावें लागतें. मग घोष कसा व्हावा आणि श्वास कसा घ्यावा? असलें साधन खेळाडूनें पहिल्याच दिवशीं फेंकून दिलें, तर दोष त्याचा नव्हे.

म्हणून दंतवैद्य प्रथम दांतांचा ठसा घेतात आणि त्यावरून प्लास्टरची प्रतिकृति करतात. तिच्यावर सुमारें ३-४ मिलिमीटर जाडीचा, लवचिक प्लास्टिकचा तापविलेला पत्रा दाबानें बसवितात. नंतर ओंठांस व हिरड्यांस टोंचणाऱ्या कडा कापून, खालचे दांत त्यावर सारखे टेंकतात कीं नाहीं तें पाहतात. मुलांचे दांत व जबडा वाढत असल्यानें त्यांचें दंतत्राण वेळोवेळीं बदलावें लागतें.

१९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीस मानाचें स्थान मिळालें. खेळ मातींतून मॅटवर आला, अंगावर गणवेष आला. आतां गांवच्या मंडळांनीं चषकाबरोबर खेळाडूंच्या दांतांचाहि विचार करावा. विजयाचें हास्य अखंड दांतांनींच अधिक शोभतें!