निळ्या ज्योतीचा इतिहास

स्वयंपाकघरातील पातेल्याचे बूड एकाएकी काळे पडू लागले म्हणजे घरातील माणसे प्रथम भांडी घासणारीला दोष देतात. खरा अपराधी बहुधा गॅसच्या शेगडीच्या पोटात दडलेला असतो. आणि त्याची ओळख करून घ्यावयाची, तर बरीच वर्षे मागे जावे लागते.

कोळशापासून काढलेल्या वायूने विल्यम मर्डॉक याने १७९२ मध्ये इंग्लंडातील रेडरूथ गावी आपले घर उजळले. १८१२ मध्ये लंडनात असा वायू पुरविणारी कंपनी निघाली, आणि १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरही गॅसचे दिवे लागले. त्या काळी गॅस हवा होता तो उजेडासाठी, आणि उजेडाला पिवळी ज्योतच उपयोगी. हा पिवळेपणा येतो कोठून, हे मायकेल फॅराडे यांनी मेणबत्तीवरील आपल्या व्याख्यानांत मुलांना समजावून दिले होते. पुरेशी हवा न मिळाल्याने कार्बनचे सूक्ष्म कण जळावयाचे राहतात आणि ज्योतीत तापून चमकतात. तेच कण थंड भांड्याला चिकटले, की त्यांना आपण काजळी म्हणतो.

दिव्याचा हा गुण चुलीचा मात्र दोष ठरतो. १८५२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात आलेल्या रॉबर्ट बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाला ही अडचण प्रकर्षाने जाणवली. गावात गॅसचे दिवे येत होते, म्हणून १८५५ मध्ये तयार झालेल्या त्याच्या नव्या प्रयोगशाळेतही गॅसचे नळ आले. पण त्याला ज्योत हवी होती ती कडक, स्वच्छ आणि जवळजवळ रंगहीन. त्याने उपाय योजला तो असा, की गॅस जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळावी. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. तिला नेटके रूप दिले ते विद्यापीठाचा यंत्रकार पेटर डेसागा याने. बारीक छिद्रातून गॅस वेगाने नळीत शिरतो, जाता जाता बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो, आणि दोहोंचे मिश्रण नळीच्या तोंडाशी जळते. १८५७ मध्ये बुन्सेन व रॉस्को यांनी या बर्नरचे वर्णन प्रसिद्ध केले. बुन्सेनने त्याचे पेटंट घेतले नाही.

मुंबईत १९५५ च्या सुमारास 'बर्शेन' आणि कलकत्त्यात १९६५ मध्ये 'इंडेन' या नावाने सिलिंडरचा गॅस घरोघर येऊ लागला, तेव्हा त्याच्या शेगडीत हीच युक्ती आडवी होऊन बसली होती. एक भाग गॅस पुरा जळावयास सुमारे पंचवीस ते तीस भाग हवा लागते. पैकी काही नळीतच मिसळते, उरलेली ज्योत भोवतालून घेते. हवा कमी पडली की ज्योत लांब, पिवळी व लवलवती होते. फार झाली की ती भोकांपासून सुटून फडफडू लागते, आणि कधी 'फट्' असा आवाज करून आत शिरून जेटपाशीच जळते. अशा वेळी चावी तत्काळ बंद करून बर्नर निवू द्यावा. हवेची पट्टी हलती असेल तर ती थोडथोडी सरकवावी. आखूड, निळी व स्थिर ज्योत दिसली की थांबावे. कित्येक शेगड्यांत ती कारखान्यातच कायम केलेली असते. तेथे बर्नरची भोके व नळी स्वच्छ करणे एवढेच घरच्या माणसाचे काम. जेटचे छिद्र सुईने कोरण्याचा मोह मात्र आवरावा. ते किंचित मोठे झाले तरी गॅस वाढतो आणि हवेचा मेळ बिघडतो. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वासही नसतो, रंगही नसतो. म्हणून खिडकी उघडी हवी.

ज्योतीला हात लावण्यापूर्वी गळती तपासावी, हा धडा जगाला फार महाग पडला आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, न्यू लंडन येथील शाळेच्या तळाशी साठलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक प्राणास मुकले. वायूला गंध नव्हता, त्यामुळे कोणालाही सुगावा लागला नाही. त्यानंतर टेक्सासने वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळणे सक्तीचे केले. आपल्या सिलिंडरला येणारा तो कुजकट वासही असाच मुद्दाम घातलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या. विजेचे बटण चालूही करू नये व बंदही करू नये. रबरी नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने पाहावे, काडी ओढून कधीच नव्हे.

पिवळ्या रंगाचे आणखी एक कारण आहे, आणि ते पुन्हा हायडेलबर्गलाच घेऊन जाते. बुन्सेन आणि किर्खोफ यांनी त्या रंगहीन ज्योतीत निरनिराळे क्षार धरून त्यांचा प्रकाश तपासला, आणि १८६० मध्ये सिझियम व १८६१ मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. मिठातील सोडियम त्याच ज्योतीला गडद पिवळा रंग देते. तेव्हा वरण उतू गेल्यावर ज्योत पिवळी दिसली, तर लगेच हवेची पट्टी फिरवू नये. शेगडी बंद करून बर्नर थंड होऊ द्यावा, धुऊन कोरडा करावा, आणि मग पुन्हा पेटवून पाहावा.