गोव्याची पोई : गहू, सूर आणि साडेचार शतके

१/ गोवा हा मूळचा भातखाऊ मुलूख. पेजेवर आणि शितावर वाढलेल्या या भूमीत गव्हाची, कोंडा लावलेली, आतून पोकळ पोई सकाळच्या न्याहारीत कशी आली, याचा हा संक्षिप्त वृत्तांत.

२/ १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्क याने गोवा जिंकला. पोर्तुगीजांना रोजच्या जेवणास पाव हवा होता. ‘पाव’ हा शब्द त्यांचाच. पाव भाजणारा ‘पोदेर’ हाही त्यांच्याच भाषेतून आला. साष्टीतील माजोर्डा गावच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी ही विद्या प्रथम शिकवली, अशी परंपरा सांगितली जाते.

३/ परंतु पीठ फुगवावे कशाने? युरोपातले यीस्ट येथे सहज मिळत नव्हते. उत्तर माडावर होते. माडाच्या फुलोऱ्यातून झिरपणारी सूर काही तासांतच आपोआप आंबू लागते. तीच पिठात मिसळण्यात आली. भट्टीची विद्या परकी, आंबवण मात्र गावचे.

४/ पोईच्या पिठात कणीक, वर कोंड्याचा थर. तप्त भट्टीत आतल्या ओलाव्याची वाफ होते, दोन पदर सुटतात आणि मधे पोकळी राहते. मऊ पाव, कडक कवचाचा उंडो आणि बांगडीसारखे कांकण ही तिची भावंडे.

५/ या पावाने एके काळी माणसे दुभंगली. पाव खाणे म्हणजे बाटणे, ही समजूत हिंदू समाजात खोल रुजली होती. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा गोव्यात आणि वसईतही सांगितल्या जात. त्या कथांमागे धर्मांतराच्या काळाचे खरे भय होते.

६/ पुढे ते भय ओसरले. पोदेर हिंदूंच्या दारीही थांबू लागला. पूर्वी घुंगुरकाठी आपटत, नंतर सायकलचा भोंगा वाजवत. १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली. पोदेराची फेरी चालूच राहिली.

७/ आज धोका निराळा आहे. माडावर चढणारे रेंदेर विरळ झाले, सूर दुर्मिळ झाली आणि तिची जागा बाजारच्या यीस्टने घेतली. अनेक भट्ट्यांत कणकेऐवजी मैदाच अधिक असतो. कोंडा केवळ वरून भुरभुरलेला. नाव पोईचेच, पण सुरेचा तो हलका आंबूस गंध त्यात नाही.

८/ पोई आणली की त्याच सकाळी खावी. सुरी न लावता हाताने उघडावी. पोकळीत चोरिस भरावे, किंवा तुकडा मोडून पातळ भाजीत अथवा शाकुतीत बुडवावा. कोंड्याचा पदर रस शोषूनही लगदा होत नाही. उरलीच, तर दुसऱ्या दिवशी तव्यावर शेकून चहाबरोबर. आणि गोव्यात गेलात, तर पोदेराला एवढे अवश्य विचारा : सुरेची आहे का? गिऱ्हाईक विचारीत राहिले, तरच रेंदेराला माडावर चढण्याचे कारण उरेल.