थाळी

नव्या झकपक हॉटेलात परवा मित्रमंडळींसोबत 'मॉडर्न थाळी' मागवली. काळ्या दगडी पाटीवर बोटभर वाट्या, भाताची मूदही धड नाही. किंमत मात्र भरल्या ताटाची! पण थाळी मुळात ताट नव्हतीच. संस्कृतातली 'स्थाली' म्हणजे अन्न शिजवायचं भांडं, बहुधा मातीचं. गृह्यकर्मातला 'स्थालीपाक' त्यातच शिजे. 'स्थालीपुलाकन्याय'ही तिथलाच: भांड्यातलं एक शीत दाबायचं आणि सगळा भात शिजला का ते ठरवायचं. आपली 'शितावरून भाताची परीक्षा' ती हीच. पुढे स्थाली चुलीवरून उतरून पाटासमोर आली नि पसरट झाली. आमच्यातल्या एकीने मात्र हॉटेलची परीक्षा पापडावरूनच केली. सादळलेला होता.